उपवासकाळात डेलियाने काय सोडलं

१६ फेब्रुवारी १९७२, राखेचा बुधवार

डेलिया गॅरिटी आली. मी आणि आमच्या थिएटर मंडळाचा अध्यक्ष लॅव्हिन चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून थेट वुस्टर स्टेशनवर गेलो, दोघांच्याही कपाळावर पाद्र्याने लावलेली राख. गाडीतून उतरताच तिने आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाली, "वा, गावात अजून देव आहे तर. हॉलिवूडमध्ये कपाळावर असं काही दिसलं की मेकअपवाला पुसायला धावतो."

शहात्तर वर्षांची बाई. जन्म इथलाच, कालव्यामागच्या गल्लीतला. आई लोकांचे कपडे धुवायची. सोळाव्या वर्षी डेलिया एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर गेली ती गेलीच. आधी रंगभूमी, मग मूकपट, मग बोलपट, आता टीव्ही. गुंडांच्या आया, मठातल्या मदर, खाणावळीच्या मालकिणी, अशा भूमिका. तिचं नाव ठाऊक नसलेल्यांनाही तिचा चेहरा ठाऊक असतो. रंगमंचावर मात्र ती वीस वर्षांत उभी राहिलेली नाही.

नन्सच्या कॉलेजात मी अठरा वर्षं नाटक शिकवलं. गेल्या जूनमध्ये नोकरी सोडून या नव्या थिएटरात आले. पूर्वीचं अग्निशमन केंद्र आहे ते, पावसाळी हवेत अजून ओल्या नळ्यांचा वास येतो. व्यावसायिक नटांना घेऊन बसवायचं हे माझं पहिलं नाटक. डेलियाला मीच पत्र घातलं होतं. तिने लगेच होकार दिला, दोन अटींवर. नाटकातल्या भावाची भूमिका तिच्या जुन्या सहकारी नटाने, गस टियर्नीने करायची, ही पहिली. दुसरी, नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारायचं नाही. जुन्या नटांचा हा नेम मी ऐकून होते. प्रेक्षक समोर नसताना नाटक पुरं करायचं नाही. शेवटच्या वाक्यापाशी थांबायचं, कुणीतरी एक टाळी वाजवायची आणि घरी जायचं. मला हे खुळचट वाटतं, पण निरुपद्रवी आहे म्हणून मान्य केलं.

नाटकात एका बेटावरचं दीपगृह बंद होतंय, आणि ते सांभाळणारे म्हातारे भाऊ-बहीण टॉम आणि ब्रिजी यांचा तिथला शेवटचा दिवस आहे. शेवटचं वाक्य भावाचं: "दिवा जळता राहू दे, ब्रिजी. कुणी यायचं राहिलं असेल." इथे लिहायला हरकत नसावी. वही म्हणजे काही तालीम नव्हे.

स्टेशनवरून परतताना मोटारीत लॅव्हिनने विचारलं, ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात प्रत्येकाने आवडीचं काही सोडायचं, तुम्ही काय सोडलंत? त्याने बिअर सोडली आहे, मी चहातली साखर.

"सांगितलं तर पुण्य जातं," डेलिया म्हणाली. "पण स्वस्तातलं नाही एवढं समजा." आणि तिने सिगारेट पेटवली. म्हणजे सिगारेट नव्हे.

२१ फेब्रुवारी

पहिलं वाचन. गस टियर्नी डेलियाहून तीन-चार वर्षांनी मोठा. मखमली कॉलरचा कोट, केस चांदीसारखे. आवाज असा की खिडकीच्या काचेला जाणवावा. माझ्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "मिस कॉनरॉय, तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

मी म्हटलं, "लिनेहन. मोनिका लिनेहन."

"अर्थातच," तो म्हणाला.

जाताना परत मिस कॉनरॉय. डेलियाने मला बाजूला घेतलं. "तो सगळ्या दिग्दर्शकांना कॉनरॉयच म्हणतो. कॉनरॉयबाईंनी त्याला पहिलं काम दिलं होतं. मान समज, मास्तरीणबाई."

मी मान समजले. खरं सांगायचं तर दिवसभर सुखावले होते.

वाचन उत्तम झालं. डेलिया पुस्तकात पाहतही नव्हती. इतक्या लवकर पाठांतर? मला माझ्या निवडीचा अभिमान वाटला. अभिमान वाटला हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

२८ फेब्रुवारी

आजपासून पुस्तकं खाली ठेवली, आणि डेलियाचा घोटाळा सुरू झाला.

पहिल्या अंकात पेट्या भरण्याचा प्रवेश आहे. गसने वाक्याआधी विराम घेतला. लांब, भरलेला विराम. असा विराम घ्यायला आयुष्य जावं लागतं. मी तो टिपून घेणार तोच डेलिया मध्येच म्हणाली, "थांबा, थांबा, माझं चुकलं. डोक्याची चाळण झालीये. बाई, जरा मागून घेऊ. माझ्याआधी गसचं काय होतं? मोठ्याने वाचा बरं."

मी वाचलं. गसने ते सुंदर म्हटलं. तिनेही म्हटलं. थोड्या वेळाने परत तेच. गस थांबला की तिचा धीर सुटतो, असं दिसतं. त्याचे विराम ती मध्येच तोडते.

जिन्यावर तिने गसचा दंड धरला. "हळू चल रे म्हाताऱ्या, माझं कंबरडं गेलंय." मात्र दुपारी हातात चहाचा पेला घेऊन ती तोच जिना झपझप चढून वर गेलेली मी पाहिली. दुखणं येतं-जातं. मी डॉक्टर नाही.

३ मार्च, शुक्रवार

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या सभागृहात तळलेला मासा खायला गेले. लॅव्हिन माझ्या समोर येऊन बसला. मंडळाच्या अध्यक्षपणाखेरीज त्याचा धंदा अंत्यविधींचा, गावातले निम्मे त्याच्याच हातून होतात.

"म्हातारी विसरते म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"सगळं गाव. माझ्या धंद्यात एक बरं असतं बघ, मोनिका. मुख्य पात्र कधी संवाद विसरत नाही."

मी हसले नाही. तो गंभीर झाला. वर्षभर खपून हे थिएटर उभं केलंय. पहिल्याच मोठ्या नाटकात बाई रंगमंचावर गप्प उभी राहिली तर पुढच्या हिवाळ्यात इथे परत अग्निशमनाच्या गाड्या उभ्या राहतील. पेग डाउडला ती सगळी भूमिका पाठ आहे. पेग डेलियाची बदली नटी. रेडिओवर काम करते, शहाणी बाई, आणि कधीही चुकत नाही. पंधरा तारखेला जाहिराती जायच्या, तोवर मी काय ते ठरवायचं. पहिला प्रयोग चोवीसला.

पेग चालेल का? चालेल. नाटक बरं होईल. मला बरं नाटक हवंय का?

आणि दुसरा प्रश्न, जास्त कठीण. डेलियाला ठेवावं असं मला वाटतं ते नाटकासाठी, की तिला इथे आणणारी मी होते म्हणून?

८ मार्च

आज तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. म्हटलं, आजच्या दिवस तो नेम मोडू. शेवटचा प्रवेश अखेरपर्यंत, एकही वाक्य न गाळता करू. शेवटपर्यंत तिचा तोल राहतो का ते मला पाहायचं होतं.

डेलिया चिडली. तिला चिडलेली मी प्रथमच पाहिली. आवाज चढला नाही, उलट उतरला. "ते वाक्य गसचं आहे. परीक्षा माझी आहे ना? मग माझी घे. त्याचं कशाला मागतेस?"

"परीक्षा कुणाचीच नाही, मिस गॅरिटी."

"अठरा वर्षं पेपर तपासलेत तू. मला चेहऱ्यावरून कळतं."

गस मात्र खुर्चीतून उठला. "अगं, म्हणतो की मी. मिस कॉनरॉय एवढं म्हणतायत तर." तो दिव्यापाशी गेला. दिव्यावर हात ठेवला. तोंड उघडलं.

डेलियाने टाळी वाजवली. एकच. "चला घरी," ती म्हणाली.

सगळे उठलेच. दिग्दर्शक मी आहे, तरी उठले. अंधश्रद्धा माणसाला किती घट्ट धरते याचा हा नमुना. शिकलेल्या माणसाने यावर चिडू नये असं मी स्वतःला समजावलं, आणि चिडलेच.

१३ मार्च

डेलियाच्या खोलीवर गेले. तीन मजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर ती राहते, मागच्या बाजूला वाळत घातलेले कपडे. गस तिथे होताच. रोज दुपारी ती त्याला बोलावून घेते आणि त्याच्याबरोबर संवाद घोकते. "मी विसरते ना," असं ती सगळ्यांना सांगते. घोकून घोकून गस बिचारा खुर्चीतच झोपला होता. तिने त्याच्या गुडघ्यांवर शाल टाकली, मला चहा दिला, शहाजिऱ्याचा सोडाब्रेड कापला.

मी दोन घोट घेतले आणि सरळ बोलले. पेगचं नाव घेतलं, पंधरा तारीख सांगितली.

तिने राग मानला नाही. "पेग चांगली आहे," म्हणाली. मग भलतंच सांगायला लागली.

"एकवीस सालची गोष्ट. स्प्रिंगफिल्डला प्रयोग होता. सकाळी आईला पुरलं आणि संध्याकाळी मी मेरीच्या कामासाठी रंग लावून उभी. पडदा वर गेला आणि तोंडात एक शब्द नाही. पुसून गेलेलं सगळं. समोर गस होता. त्याने माझं वाक्य प्रश्नासारखं विचारलं, आणि आपणच उत्तर दिलं. 'तू रागावलीस ना माझ्यावर, मेरी? रागावलीसच.' एक अख्खा अंक असा काढला त्याने. मी नुसती मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, हा टियर्नी वाचाळ आहे, बिचाऱ्या पोरीला बोलूच देत नाही. पुढे दोन वर्षं त्याला कुणी चांगलं काम दिलं नाही."

"त्यांनी खुलासा नाही केला?"

"कुणाकडे?" ती म्हणाली. "झोपू दे त्याला. सोडाब्रेड घे अजून."

गोष्ट छान होती, पण मी विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. नट अडचणीत आले की आठवणी काढतात, हे मी आता शिकले आहे. मी परत मुद्द्यावर आले.

तिने पेला खाली ठेवला. "पोरी, तालमीत मी काय करते ते बघू नकोस. पडदा वर गेल्यावर बघ. तेव्हा माझा एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला ना, तर ब्रिजीची शाल मी स्वतः पेगच्या खांद्यावर घालीन."

तिच्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता. जिची स्मृती चाललीये तिला भीती वाटायला हवी. की स्मृतीबरोबर भीतीही जाते? हा प्रश्न मला घरी पोचेपर्यंत सोडत नव्हता.

१५ मार्च

लॅव्हिनला सांगितलं: डेलियाच करेल.

तो म्हणाला, "चुकली तर दोघींचे विधी मलाच करावे लागतील. तुम्हाला शेजारी शेजारी जागा देईन."

पेगलाही मी स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मीही हेच ठरवलं असतं." मग विचारलं, "मोनिका, तू कधी गसकडे बघतेस का ग तालमीत?"

मी म्हटलं, त्याच्याकडे बघायची गरजच पडत नाही, तेच तर सुख आहे. पेग चहा करायला उठली. निराश झाली असणार, साहजिक आहे.

निर्णय बरोबर आहे असं वाटतंय. कशाच्या आधारावर ते विचारलं तर सांगता येणार नाही. तिच्या पेला ठेवण्याच्या पद्धतीवरून म्हणावं लागेल.

१७ मार्च, सेंट पॅट्रिकचा दिवस

आयरिश लोकांचा हा मोठा सण, म्हणून मंडळाला पहिला प्रयोग आजच हवा होता. डेलियाने महिन्यापूर्वीच नाही म्हटलं होतं: "त्या दिवशी ज्याला कान आहेत असा एकही माणूस गावात शुद्धीवर नसतो." बरोबर होतं तिचं. दुपारी दोनलाच रस्त्यात लोक गळ्यात गळे घालून गात होते.

गुत्त्यात गसला गाण्याचा आग्रह झाला. त्याने एक जुनं दर्यावर्दी गाणं म्हटलं, लांबलचक. एकामागून एक कडवी, एकही अडखळणं नाही. या वयात केवढी ही स्मरणशक्ती. मी डेलियाला तसं म्हटलंही. ती टाळ्या वाजवत होती आणि तिचे डोळे भरले होते. हेवाही असेल थोडा. कोण कुणाला नावं ठेवणार?

२२ मार्च

रंगीत तालीम भयानक झाली. डेलिया दर पानाला थांबली. शेवटी म्हणाली, "बाई, प्रयोगाला तुम्ही पुस्तक घेऊन चुलीत बसा."

नेपथ्यात मोठी दगडी चूल आहे, मागून पोकळ. मी हो म्हटलं.

"आणि चूल गसच्या खुर्चीमागे सरकवा."

"तुमच्या खुर्चीमागे नको?"

"मला त्या बाजूने बरं ऐकू येतं."

सुतार वैतागला. चूल सरकवली. गस सबंध वेळ खिडकीतून बर्फ वितळताना बघत उभा होता. असा शांत नट मी पाहिला नाही.

२५ मार्च, शनिवार

काल पहिला प्रयोग झाला. सकाळची वेळ आहे, आनंद अजून मावत नाही. क्रमाने लिहिते.

मी चुलीत स्टुलावर, मांडीवर पुस्तक, हातात विजेरी. पुढे अगदी हाताच्या अंतरावर गसची पाठ. पडदा वर गेला आणि डेलियाने एक शब्दही चुकवला नाही. एकही नाही. महिनाभर जी बाई दर पानाला अडखळत होती तिच्या तोंडून वाक्यं अशी येत होती जणू आत्ताच सुचतायत. त्या सोमवारी तिच्या खोलीवर मी जे स्पष्ट बोलले त्याचा परिणाम झाला, असं मानायला जागा आहे. स्वतःला जास्त श्रेय देऊ नये, पण थोडं द्यायला हरकत नाही.

एका गोष्टीचा मात्र राग आला. ती पदरचं बोलत होती. पुस्तकात नसलेलं. "तू सांगणार होतास ना टॉम, बाबांनी होडी का विकली ते? त्या वर्षी हेरिंग मासळी आलीच नाही ना?" मग गस म्हणे, "हेरिंग आली नाही," आणि तिथून त्याचं पुढचं बोलणं सुरू. पुस्तकात गसचं हे स्वगत आहे, सलग, आणि तो ते तालमीत कधी कधी किती सुंदर म्हणायचा. तिने त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी आपण उभी राहिली. प्रेक्षकांना काही कळलं नाही. त्यांना दोन म्हातारी माणसं चुलीपाशी बोलताना दिसत होती. मला मान्य केलं पाहिजे, ते ऐकायला फार खरं वाटत होतं.

मग शेवट. पेट्या बाहेर गेल्या. ब्रिजी दारात, टॉम दिव्यापाशी. गसने दिव्यावर हात ठेवला आणि थांबला.

विराम लांबला. मी विजेरी लावली आणि हळू आवाजात वाक्य सांगितलं. गसने वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या सौजन्याने, की रस्त्यात कुणी वाट विचारावी आणि आपण त्या गावचे नसावं. मी ओशाळले. एवढ्या मोठ्या नटाला मी त्याच्या विरामातच वाक्य सांगितलं होतं.

तेवढ्यात डेलिया दारातून परत आली. पुस्तकात ती परत येत नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "दिवा जळता राहू दे म्हणतोस, टॉम? बरं. राहू दे. कुणी यायचं राहिलं असेल."

गस तिच्याकडे बघून हसला. "हो," तो म्हणाला.

पडदा. लोक उठून उभे राहिले. सगळ्यांत शेवटी लॅव्हिन उठला, आणि तो रुमालात नाक शिंकरत होता.

आत गेल्यावर मी तिला गाठलं. अभिनंदन केलं, आणि मग न राहवून म्हटलं, "मिस गॅरिटी, ते वाक्य गसचं होतं."

"हो. मी घेतलं."

"का?"

आरशासमोर बसून ती तोंडाचा रंग पुसत होती. "साठ वर्षं मी लोकांची वाक्यं खात आलेय, पोरी. विचार कुणालाही."

आजच्या पेपरात परीक्षण आलंय. कौतुक आहे, आणि खाली एक टोमणा: मिस गॅरिटींना शेवटचा शब्द दुसऱ्याचा असलेला अजूनही सहन होत नाही, श्री. टियर्नी यांनी मात्र तो अन्याय राजासारखा सोसला. मला वाईट वाटलं, तिला फोन केला. तिने ते आधीच वाचलं होतं आणि शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवत होती. "'राजासारखा.' ऐकलंस? हे कापून गसच्या आरशावर लाव. माझ्याबद्दलचंही राहू दे खाली."

२८ मार्च

वाक्य पुस्तकाप्रमाणे परत गसला द्यावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. न्यायाने ते त्याचं आहे. त्यालाच विचारलं. तो वाकून म्हणाला, "मिस कॉनरॉय, स्त्रीने एकदा घेतलेलं परत मागू नये." म्हणून राहू दिलं. पुस्तकात मी पेन्सिलीने बदल केला. पुस्तकातलं वाक्य खोडताना हात जड झाला, तरी केला.

२ एप्रिल, ईस्टर

डेलियाच्या खोलीवर जेवण. हॅम, उकडलेली रंगीत अंडी, लॅव्हिनने आणलेली बिअर. तो तिच्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. माझ्या चहात दोन चमचे साखर. सगळे प्रयोग भरलेत, दोन आठवडे वाढवलेत. पुढच्या हिवाळ्यातही थिएटर राहणार. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

जेवता जेवता गस माझ्याकडे झुकला. "मिस कॉनरॉय, एक विचारू? ती बहिणीचं काम करणारी बाई कोण हो? फार चांगली आहे. तिला सोडू नका."

डेलिया समोरच बसलेली. लॅव्हिनने हातातला पेला खाली ठेवला. मग डेलिया हसली, खळखळून, पडद्यावर खाणावळवाल्या बाया हसतात तशी, आणि मग आम्हीही हसलो. गसला विनोदाचं अंग असेल असं मला वाटलं नव्हतं. चेहरा जराही न हलवता बोलला.

"ऐकलंत ना बाई," डेलिया म्हणाली. "सोडू नका तिला." आणि तिने त्याला अंडं सोलून दिलं.

भांडी विसळताना मला आठवलं. म्हटलं, "आता तरी सांगा. उपवासकाळात काय सोडलं होतंत? आज परत घेता येईल."

तिने हात पुसले. आतल्या खोलीत गस लॅव्हिनला ते दर्यावर्दी गाणं शिकवत होता.

"परत घ्यायचं नाही असं ठरवलंय," ती म्हणाली. "साठ वर्षं कमावलेलं होतं, पण वाटलं होतं तेवढं काही अडत नाही त्याच्यावाचून."

आणि तिने सिगारेट पेटवली. मद्य म्हणावं, तर लॅव्हिनची बिअर जेवताना तिच्याच पेल्यात होती. जिना उतरताना मी विचार करत होते की एवढं जपून ठेवण्यासारखं दुसरं काय सोडलं असेल. विचारायला परत वर जाणार होते. पण वरून गस आणि डेलिया दोघांचं गाणं ऐकू येत होतं, कडव्यामागून कडवं, आणि जिथे तो थांबे तिथे ती थांबत होती.